रिकामी पुंगळी, भरलेला कायदा

पत्र्याचं काम करणाऱ्या कुर्ल्यातल्या कुठल्याही छोट्या गाळ्यात दोन तऱ्हेची कामं चालतात. पहिली तऱ्हा साध्या डायची. हेल्पर तुकडा ठेवतो, प्रेस पडतो, भोक पडतं. मग तोच ढीग उचलून दुसऱ्या डायवर न्यायचा आणि वाक काढायचा, तिसऱ्यावर कडा मारायच्या. हजार नगांची ऑर्डर असेल तर हजार नग तीन वेळा हाताळायचे. दुसरी तऱ्हा प्रोग्रेसिव्ह डायची. पट्टी एका बाजूने आत सरकते आणि प्रत्येक ठोक्याला एक घर पुढे जाते. पहिल्या घरात भोक, दुसऱ्यात वाक, तिसऱ्यात कापणी, आणि ही सगळी घरं एकाच ठोक्यात कामाला लागतात. पट्टी शेवटच्या घरापर्यंत पोचली की मग ठोक्यागणिक एक तयार नग खाली पडतो.

कुर्ल्याला हे कुणी शिकवायला नको. 1886 साली जमशेटजी टाटांनी इथली बंद पडत चाललेली धरमसी मिल घेऊन स्वदेशी मिल उभी केली, तेव्हापासून हे गाव यंत्रांच्या आवाजात जगत आलं आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथेच होता, पद्मिनी मोटार इथेच बनायची. कारखाना गेला, रस्त्याला प्रीमियरचं नाव राहिलं. मुकंद कंपनीचं पोलाद इथे ओतलं गेलं, कमानी कंपनीच्या कारखान्यात तांब्यापितळेच्या नळ्या ओढल्या गेल्या. पितळ, प्रेस आणि डाय जाणणारी माणसं या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

प्रोग्रेसिव्ह डायचं हेच तत्त्व अमेरिकेत हजारो लोक घरच्या गॅरेजमध्ये, टेबलाला बोल्टने आवळलेल्या हातभर उंचीच्या यंत्रात वापरतात. तिथे पत्र्याच्या पट्टीच्या जागी बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या असतात. नेमबाजीच्या मैदानावर वेचलेल्या पुंगळ्या घरी आणायच्या आणि त्यांतून पुन्हा काडतुसं तयार करायची, हा तिकडचा जुना आणि राजमान्य छंद. या छंदात एक टप्पा असा येतो की माणूस एकेक काम करणारा साधा प्रेस बाजूला ठेवून प्रोग्रेसिव्ह प्रेस घेतो. तसा प्रेस कुर्ल्यातला एखादा कसबी टूलमेकर नमुना पाहून बनवूही शकेल. तरी तो कुर्ल्यातल्या घरात का असू शकत नाही, आणि नसल्यामुळे आपल्याकडची नेमबाजी कोणत्या वाटेने गेली, हा या लेखाचा विषय.

दांडा एक, कामं चार

काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली टिकली म्हणजे प्रायमर, आतली धूररहित दारू आणि तोंडात बसवलेली गोळी. घोड्याची सुई प्रायमरवर आपटते, ठिणगी पडते, दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून निघते. यात गोळी जाते, दारू जळते, प्रायमर खलास होतो. पुंगळी मात्र राहते, आणि चारांत सर्वांत खर्चिक भाग तोच. 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त या मिश्रणाचं पितळ दाबाखाली फुगून नळीच्या भिंतीला चिकटतं आणि दाब ओसरताच आक्रसून सुटतं. या गुणामुळेच ती पुन्हा वापरता येते.

पुन्हा भरताना फुगलेली पुंगळी डायमध्ये दाबून मूळ मापावर आणावी लागते. त्याच दाबात जुना प्रायमर बाहेर पडतो. मग नवा प्रायमर, मोजून दारू, वर गोळी आणि शेवटी पुंगळीची कड गोळीवर हलकी आवळायची. साध्या प्रेसवर हे डाय बदलून, एकेका कामाचा पूर्ण ढीग संपवत करतात. सगळी कामं धरली तर तासाला पन्नास ते शंभर काडतुसं हातून निघतात. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये सगळे डाय एकाच डोक्यावर बसवलेले असतात आणि पुंगळ्या खालच्या फिरत्या चकतीत. दांडा एकदा ओढला की प्रत्येक घरात आपापलं काम होतं, चकती एक घर फिरते आणि एक काडतूस तयार होऊन डब्यात पडतं. मग तासाला चारपाचशे नग हे रोजचं काम होऊन बसतं. अशी यंत्रं अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहेत. सॅन दिएगोच्या स्टार कंपनीचा प्रेस पोलिसांच्या नेमबाजी संघांत नावाजलेला होता. घरोघरी ती पोचली 1980च्या दशकात, अ‍ॅरिझोनातल्या डिलन कंपनीच्या यंत्रांमुळे.

या वाढीमागे एक खेळ होता. 1976 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया इथे प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. धावत, वळत, आडोशामागून झटपट नेम साधायचा हा पिस्तुलाचा खेळ काडतुसं अक्षरशः खातो. आठवड्याच्या सरावाला काही शे नग लागायला लागले की साध्या प्रेसवरच्या संध्याकाळी पुरत नाहीत, आणि दुकानातली काडतुसं खिशाला परवडत नाहीत. त्या घडीला माणूस प्रोग्रेसिव्हकडे वळतो.

पण सगळेच वळत नाहीत. लांब पल्ल्याच्या रायफलीने एकाच भोकात गोळ्या घालायच्या ईर्षेने खेळणारे नेमबाज आजही साध्या प्रेसवर बसतात आणि दारूचा प्रत्येक भार तराजूवर तोलतात. हे माप ग्रेनमध्ये असतं. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जवळजवळ निम्मं. अशा नेमबाजाला संख्या नको असते, एकसारखेपणा हवा असतो. म्हणजे प्रोग्रेसिव्ह घेणं ही दरवेळी बढती नसते. त्यात गरज बदललेली असते.

धोकाही बदलतो. साध्या प्रेसवर दारू घातलेल्या पन्नास पुंगळ्या फळीवर ओळीने उभ्या असतात आणि दिव्याखाली प्रत्येकीत डोकावून पाहता येतं. प्रोग्रेसिव्हवर एका ओढीत चार कामं होतात, म्हणजे चुकाही चार जागी होऊ शकतात. दांडा मध्येच अडकला, माणसाने मागेपुढे केलं आणि एकाच पुंगळीत दारू दोनदा पडली तर पिस्तूल हातात फुटू शकतं. दारू पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि मागून दुसरी आली की नळी फुगते किंवा फाटते. त्यासाठी दारूची पातळी तपासणारं वेगळं घर ठेवतात. प्रायमरची नळीही जपावी लागते. तिच्यात शंभर प्रायमर एकावर एक असतात आणि एक उडाला की सगळे उडू शकतात, म्हणून तिच्याभोवती जाड पोलादी कवच असतं. चांगलं यंत्र वेग देतं. लक्ष मात्र माणसालाच द्यावं लागतं.

यंत्र म्हणजेच दारूगोळा

आता आपल्याकडे येऊ. 1959 च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळा या शब्दाची व्याख्या कलम 2 मध्ये आहे. तिच्यात रॉकेट, बॉम्ब, हातगोळे आहेत, बंदुकीचे भार आहेत. त्याच यादीत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीही आहे. म्हणजे काडतूस भरण्यासाठी बनवलेला प्रेस, त्यात दारूचा कण नसला तरी, कायद्याच्या नजरेत स्वतःच दारूगोळा ठरतो. तो परदेशातून मागवा नाहीतर गाळ्यात घडवून घ्या, फरक पडत नाही.

बंदुकीचा परवाना हातात असणाऱ्यालाही यात पळवाट नाही. कलम 3 बाळगण्याच्या परवान्याचं आहे. बनवणं आणि विकणं कलम 5 खाली येतं आणि त्याचा परवाना निराळा. मुंबईत शस्त्रपरवाना पोलीस आयुक्त देतात, आणि त्यावर एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतील, वर्षात किती घेता येतील याचे आकडे लिहिलेले असतात. परवान्याशिवाय काडतुसं बनवण्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीने कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप केली आहे. दारू आणि प्रायमर हे तर स्फोटकांच्या कायद्याच्या अखत्यारीतले. तो कायदा 1884 चा, आणि त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

शस्त्र अधिनियमात एक बारीक, हुशार फटही आहे. कलम 45 सांगतं की शस्त्रांचे वा दारूगोळ्याचे किरकोळ भाग, जर ते जोडीच्या इतर भागांसह वापरायचा हेतू नसेल, तर कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. शोकेसमध्ये आठवण म्हणून ठेवलेली रिकामी पुंगळी हा त्या अर्थाने किरकोळ भाग. तीच पुंगळी प्रायमर आणि दारूच्या डब्याशेजारी ठेवली की तिचा अर्थ बदलतो. पितळ तेच, वजन तेच. कायदा तोलतो तो ठेवणाऱ्याचा हेतू. याच तर्काने 1972 मध्ये गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बाळगण्याला जाणिवेची जोड हवी असं म्हटलं, आणि 1994 मध्ये मुंबईच्या अभिनेता संजय दत्त प्रकरणातही जाणीवपूर्वक बाळगणं हाच मुद्दा कळीचा ठरला. सांताक्रूझचा विमानतळ कुर्ल्याला खेटून आहे. प्रवाशाच्या बॅगेत विसरून राहिलेलं एखादं काडतूस सापडलं की वकील याच निकालांचा आधार घेतात.

यंत्रालाच दारूगोळा म्हणणं ही स्वतंत्र भारताची कल्पना नाही. व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या 1878 च्या कायद्याच्या व्याख्येतही दारूगोळ्याचे सगळे भाग आणि तो बनवण्याची सगळी यंत्रसामग्री होती. बंदुकीतले बोळे आणि केपा, म्हणजे ठिणगी देणाऱ्या टोप्यासुद्धा, त्यात होत्या. शिसं, गंधक आणि सोरा तेवढे वगळले होते. 1857 च्या उठावाची ठिणगी काडतुसावरून पडली होती, हे सरकार विसरलं नव्हतं. त्या उठावानंतर बारा वर्षांनी, 1869 मध्ये, पुण्याजवळ खडकीला सरकारने काडतुसांचा कारखाना काढला. बनवायचं तर सरकारने, आणि इतरांच्या हाती जाणारा प्रत्येक नग मोजायचा, ही घडी तेव्हा बसली. पुढे सरकार बदललं, घडी तशीच राहिली.

खडकीचा शिक्का, कोकणातला गज

जुन्या पुंगळीच्या बुडाशी के. एफ. ही अक्षरं दिसली तर ती खडकीची. शिकारीच्या काळात आणि नंतर शेतसंरक्षणाच्या परवान्यांवर खडकीची 12 बोअरची शक्तिमान काडतुसं गावोगाव पोचली. 1964 पासून भुसावळजवळच्या वरणगावच्या कारखान्यातूनही काडतुसं निघू लागली. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले.

जुन्या लष्करी पुंगळ्या घरी भरायच्या म्हटलं असतं तरी भरणाऱ्याची दमछाकच झाली असती. ब्रिटिश पठडीच्या .303 काडतुसात बर्डन पद्धतीचा प्रायमर असे. त्याच्या घरात ऐरण पुंगळीचीच, मध्यभागी उभी, आणि छिद्रं तिच्या दोन बाजूंना. जुना प्रायमर सरळ सुईने मागून ढकलून काढता येत नाही. बॉक्सर पद्धतीत ऐरण प्रायमरमध्येच असते आणि पुंगळीला मधोमध एक छिद्र, म्हणून डायमधली सुई जुना प्रायमर सहज पाडते. गंमत अशी की बॉक्सर हा वूलिचचा इंग्रज लष्करी अधिकारी, पण त्याची पद्धत अमेरिकेत रुजली. बर्डन अमेरिकन, त्याची पद्धत युरोपात आणि आपल्याकडे आली. अमेरिकेत घरोघरी पुंगळ्या भरल्या जाऊ लागल्या यात बॉक्सरच्या त्या एका छिद्राचा मोठा वाटा आहे.

तरी महाराष्ट्रात बंदूक घरी भरली जातच नाही असं नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही आहेत. रानडुकरं आणि माकडं यांच्यापासून भात आणि बागा राखण्यासाठी त्या असतात, आणि निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात जमा होतात. या बंदुकीला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून काळी दारू घालायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं आणि मागे निपलवर केप बसवायची. प्रत्येक बार हाताने भरायचा. कायद्याला ते चालतं, कारण वेगच नाही. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत डुकराचा कळप कुठल्या कुठे गेलेला असतो. गजाने एकेक बार ठासणारा शेतकरी आणि दांडा ओढून तासाला पाचशे काडतुसं काढणारा छंदी यांच्यातलं हे अंतर कायदा नीट ओळखून आहे.

जे भरावं लागत नाही, त्यात पदकं

आपल्याकडच्या नेमबाजीचा इतिहास या बाजूने वाचला तर वेगळाच दिसतो. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना 1951 ची, पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर मावळंकर स्पर्धेची पायरी लागते. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीची. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे यांच्या पिढीने महाराष्ट्राला रायफलीच्या नकाशावर आणलं. तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं, राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सोनं.

ऑलिंपिकमधली भारताची नेमबाजीतली सात पदकं पाहा. अभिनव बिंद्रा, गगन नारंग, मनू भाकर आणि तिच्या जोडीला सरबज्योत सिंग यांची चार पदकं हवेच्या बंदुकीची. विजय कुमार आणि स्वप्नील कुसाळे यांची दोन .22 बोअरच्या बंदुकांची. उरलेलं एक राज्यवर्धन राठोडांचं, 12 बोअरच्या शॉटगनचं. 2024 च्या 1 ऑगस्टला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकणारा स्वप्नील कोल्हापूरच्या कांबळवाडीचा आणि नोकरीने मध्य रेल्वेचा, म्हणजे कुर्ल्याच्या फलाटांवरून रोज धावणाऱ्या रेल्वेचाच.

हवेच्या बंदुकीला काडतूसच नसतं. 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा दाबलेल्या हवेने उडतो. 2016 च्या शस्त्र नियमांनी .177 इंचापर्यंतच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या हवेच्या बंदुकांना परवान्यातून मोकळं ठेवलं. म्हणून उपनगरातल्या एखाद्या शाळेच्या हॉलमध्येही 10 मीटरची रेंज उभी राहते आणि छर्रे कुणी नोंदवहीत मोजत नाही. .22 चं काडतूस 1887 मधलं. त्यात वेगळा प्रायमर नसतो. ठिणगी देणारं मिश्रण पुंगळीच्या कडेच्या पोकळीत भरलेलं असतं आणि सुई कडेवर आपटते. एकदा कड चेपली की ती पुंगळी भंगार. जगात कुठलाही स्पर्धेचा नेमबाज .22 घरी भरत नाही, सगळे चांगल्या कारखान्याचा आपल्या रायफलीला मानवणारा लॉट निवडून घेतात. शॉटगनचं काडतूस भरता येतं, पण ऑलिंपिकमध्ये छर्ऱ्यांचं वजन 24 ग्रॅमवर बांधलेलं असतं आणि मोठे खेळाडू कारखान्याचाच माल वापरतात.

म्हणजे पुन्हा भरण्याची कला जिथे निर्णायक ठरते ते प्रकार आपण खेळलो ते मोजकेच. जसपाल राणाने सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध प्रायमर असलेल्या काडतुसाच्या पिस्तुलात 1994 ला हिरोशिमात आणि 2006 ला दोह्यात आशियाई सुवर्ण मिळवलं, पण तो प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही. प्रॅक्टिकल शूटिंगला तर मूळच धरता आलं नाही. जगभर प्रोग्रेसिव्ह प्रेसवर जी काडतुसं सर्रास भरली जातात त्यांत 9 मिलिमीटर पॅराबेलम अग्रभागी आहे, आणि आपल्याकडे ते निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, म्हणजे पोलीस आणि लष्कराचं. सरावाला काडतूस तोलून मापून मिळणार असेल तर गुणी पोरं तिकडेच वळणार जिथे काडतूस अडवत नाही. कोल्हापूर, पुणे आणि मुंबईच्या अकादम्यांनी हवेची बंदूक आणि .22 यांत इतकी मेहनत ओतली, त्यामागे ऑलिंपिकचं वेळापत्रक आहे तसा हा कायदाही आहे. प्रशिक्षकांनी बंद दाराशी डोकं आपटलं नाही. उघड्या दारातून मुलांना आत नेलं.

घर कुणाचं, किती चौरस फूट

इतर देशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवला आहे. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. तिथल्या अग्निसुरक्षेच्या मानकाने घरात मूळ डब्यांत ठेवायच्या धूररहित दारूला 20 पौंडांची आणि प्रायमरना 10,000 ची मर्यादा घातली आहे. ब्रिटनमध्ये 2006 च्या कायद्यानंतर प्रायमर दुकानात समोरासमोरच विकत घ्यावे लागतात. जर्मनीत स्फोटक कायद्याखाली आधी अभ्यासक्रम, मग परीक्षा, मग मुदतीचा परवाना. मनाई नाही, पण शिकल्याशिवाय हात लावू देत नाहीत.

यांतला कुठलाही नियम कुर्ल्याच्या घरात जसाच्या तसा बसत नाही. अमेरिकन मानक ज्या गॅरेजसाठी लिहिलं गेलं ते राहत्या खोल्यांपासून वेगळं असतं. इथे झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर आधी 269 चौरस फुटांचं होतं, मग 300 चं झालं. भिंतीला भिंत, एका जिन्यावर मजलेच्या मजले, स्वयंपाकाचा सिलिंडर आणि मुलांचा अभ्यास एकाच खोलीत. धूररहित दारू उघड्यावर पेटली तर ती स्फोटापेक्षा भडक्याने जळते, पण बंद खोलीत भडका पुरेसा असतो. शिवाय जुन्या पुंगळ्या घासून साफ करताना शिशाची धूळ उडते, कारण बहुतेक प्रायमरच्या मिश्रणात शिशाचा क्षार असतो. ती धूळ रांगत्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. या कारणासाठी मी कायद्याच्या बाजूने आहे. घरात, विशेषतः मुंबईतल्या घरात, ही गोष्ट नको.

पण घर नको म्हणजे देशातच नको, हे ओघाने येत नाही. कलम 5 चं दार परवाना घेऊन उघडतं, आणि तो परवाना व्यक्तीऐवजी रेंजने घेण्यात तत्त्वाची अडचण मला दिसत नाही. रेंजवर दारूगोळ्याची कोठी असते, नोंदवही असते, प्रत्येक डावाला किती झाडली हे लिहिलं जातं. पुंगळ्याही तिथेच पडतात आणि तिथेच मोजता येतात. अशा जागी परीक्षा दिलेल्या माणसाच्या हाताखाली एक भरणखोली असली, तर सेंटरफायर पिस्तुलाच्या आणि लांब पल्ल्याच्या रायफलीच्या नेमबाजाला परदेशी काडतुसांच्या डब्यांची वाट पाहत सराव तोडावा लागणार नाही, आणि स्वतःच्या नळीला मानवणारा भार शोधता येईल. जगातला त्याचा प्रतिस्पर्धी हे करतच असतो. सरकारचा हिशेबही चुकणार नाही. उलट पुंगळी रेंजबाहेर न गेल्याने तो जास्त पक्का होईल.

त्या खोलीत प्रोग्रेसिव्ह प्रेस लागेल का, हा प्रश्न नंतरचा. रायफलवाल्यांना साधा प्रेस आणि चांगला तराजू पुरेल, पिस्तुलवाल्यांची संख्या वाढली तर प्रोग्रेसिव्ह घ्यावा लागेल. परवाना मिळाला तर तो घडवायला माणसं शोधत फार लांब जावं लागणार नाही. पट्टी घरामागून घर सरकवत नेणारे हात कुर्ल्यात आहेत. नाही तो परवाना, आणि तो मागायला पुढे येणारी रेंज.